बदलणारा हिवताप आणि डब्यात उरलेल्या गोळ्या

पावसाळा ओसरू लागला की आमच्या बोईसर परिसरातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका भाद्रपदात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलाच्या खांद्याचा आधार घेत आत आल्या. त्या हंगामातला त्यांचा हा तिसरा ताप. आधीच्या दोन्ही खेपांना रक्तात हिवताप आढळला होता, औषध दिले होते आणि ताप उतरलाही होता. मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा. रजा संपत आल्यामुळे तो त्रासला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, या जंतूला आता आपल्या गोळ्यांची सवय झाली आहे. याहून भारी औषध लिहून द्या."

मी त्याला घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या खाली प्रायमाक्विनची पट्टी होती. चौदा दिवसांच्या गोळ्यांपैकी दहा दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. आजींना विचारले, तेव्हा त्या निरागसपणे म्हणाल्या, "ताप गेला होता ना. मग उगाच उष्ण गोळ्या कशाला घ्यायच्या?"

वाचकहो, त्या मुलाचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. हिवतापाचा परजीवी खरोखर बदलतो. औषधांपुढे बदलतो, ऋतूंपुढे बदलतो आणि आता तर आपल्या चाचण्यांपुढेही बदलू लागला आहे. मात्र त्याच्या आईच्या तापाचे कारण वेगळे होते. हा फरक ज्या घराला समजला, त्या घरातल्या वृद्धांचा हिवताप पुष्कळ अंशी टळू शकतो. म्हणून आज या बदलाविषयी थोडे सविस्तर सांगतो.

शत्रू एक नव्हे, अब्जावधी

हिवतापाचा परजीवी हा प्लास्मोडियम नावाचा एकपेशीय जीव आहे. ॲनोफिलिस जातीच्या डासाची मादी त्याला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते. डासाच्या पोटात हा परजीवी रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे दिसला, म्हणून २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे या परजीवीच्या दोन जाती मुख्यत्वे आढळतात. एक व्हायवॅक्स, जी वारंवार छळते, आणि दुसरी फाल्सिपेरम, जी जीव घेऊ शकते.

डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात जातो, तेथे वाढतो आणि मग रक्तातील लाल पेशींत शिरतो. लाल पेशीत साधारण ४८ तासांत एकाचे दहा-वीस होतात, पेशी फुटते आणि नवे परजीवी नव्या पेशी शोधतात. पेशी फुटण्याच्या वेळी रुग्णाच्या अंगात हुडहुडी भरते. ताप एकाआड एक दिवस येण्याचे कारण हेच.

आता थोडे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी लाल पेशी असतात. त्यांतील हजारात एक पेशी जरी बाधित झाली, तरी परजीवींची संख्या अडीच हजार कोटी होते. फाल्सिपेरमच्या जनुकीय मजकुरात सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आहेत. २००२ साली शास्त्रज्ञांनी हा संपूर्ण मजकूर वाचून काढला. परजीवी दुभंगताना प्रत्येक वेळी या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. चूक दुर्मीळ असली, तरी नकला अब्जावधी असल्या की चुकाही पुष्कळ होतात. म्हणून आपल्या एका आजारी माणसाच्या अंगात एकच एक शत्रू नसतो. किंचित वेगवेगळ्या परजीवींची ती एक प्रचंड जमात असते.

बेणणीतून सुटलेले तण

यातली बहुतेक चुकलेली अक्षरे निरुपयोगी असतात, काही तर परजीवीलाच घातक ठरतात. पण एखादी चूक अशी असते की औषध आले असता तोच परजीवी तग धरतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. परजीवीला औषधाची "सवय" होत नाही. तो विचार करून स्वतःला बदलत नाही. आधीपासून किंचित वेगळे असलेले जे परजीवी औषधातून वाचतात, तेवढेच पुढे वाढतात.

आमच्या भागात भात लावणारे शेतकरी हे चांगले ओळखतात. बेणणी करताना हात चुकतो तो भातासारख्याच दिसणाऱ्या तणाला. वेगळे दिसणारे तण उपटले जाते, भातासारखे दिसणारे राहून जाते आणि त्याचेच बी पुढच्या वर्षी शेतात पडते. वर्षानुवर्षे असे झाले की शेतात भाताची हुबेहूब नक्कल करणारे तण माजते. तणाला कोणी ही युक्ती शिकवलेली नसते. आपल्याच हातांनी केलेल्या निवडीतून ते घडते.

औषधाचेही तसेच आहे. अर्धवट मात्रा म्हणजे अर्धवट बेणणी. कमकुवत परजीवी मरतात, थोडे चिवट तेवढे उरतात, आणि मग डास त्यांनाच उचलून शेजारच्या घरी नेतो.

डीडीटीपासून क्लोरोक्विनपर्यंत

आपल्यापैकी जे आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना लहानपणी पाठीवर पंप घेऊन येणारे फवारणीवाले आणि फवारणीनंतर भिंतीवर उमटवलेली तारीख आठवत असेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी डीडीटीच्या फवारणीची मोठी मोहीम उभारली. १९५३ मध्ये देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. १९६५ पर्यंत देशातील नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाखावर आले. हिवताप संपला, असेच सर्वांना वाटू लागले.

पण १९७६ मध्ये हीच संख्या ६४ लाखांच्या वर गेली. पैसा आणि कीटकनाशके अपुरी पडली, देखरेख सैल झाली, ही कारणे होतीच. त्यांच्या जोडीला निसर्गाची निवडही चालू होती. ग्रामीण भागात हिवताप पसरवणाऱ्या डासांत डीडीटीला दाद न देणारे डास १९५० च्या दशकाच्या अखेरीसच दिसू लागले होते. पुढे परजीवीनेही तीच वाट धरली. क्लोरोक्विन हे त्या काळचे स्वस्त, सोपे आणि हुकमी औषध. त्याला न जुमानणारा फाल्सिपेरम १९५० च्या दशकाच्या शेवटी आग्नेय आशियात आणि दक्षिण अमेरिकेत आढळला. भारतात त्याची पहिली नोंद १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात झाली. तेथून तो हळूहळू देशभर पसरला.

हे नेमके कसे घडले, ते २००० साली उलगडले. परजीवी आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन खातो. खाल्ल्यावर उरलेला लोहयुक्त भाग त्याच्यासाठी विषारी असतो, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्विन परजीवीच्या पोटासारख्या पिशवीत साठते आणि ही प्रक्रिया अडवते. परजीवी आपल्याच उष्ट्याने विषबाधा होऊन मरतो. प्रतिकारक्षम परजीवीत या पिशवीच्या दाराचे जनुक बदललेले असते. त्या बदललेल्या दारातून औषध बाहेर फेकले जाते. या जनुकातील थोडक्या बदलांनी जगातले एक उत्तम औषध निकामी केले.

या कथेला एक दिलासा देणारा भागही आहे. आफ्रिकेतील मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन वापरणे थांबवले. साधारण दहा वर्षांत तेथील प्रतिकारक्षम परजीवी जवळजवळ नाहीसे झाले आणि औषधाला दाद देणारे पुन्हा बहुसंख्य झाले. बदललेले दार परजीवीलाही महाग पडते. औषधाचे भय नसेल, तर जुन्या, साध्या दाराचा परजीवीच अधिक जोमाने वाढतो. म्हणजे परजीवी कोणत्या दिशेने बदलणार, हे बऱ्याच अंशी आपण औषध कसे वापरतो यावर ठरते.

आज फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिन गटातील औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच दिले जाते. भारतात २०१० पासून देशभर हेच धोरण आहे. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दोन औषधे एकत्र देण्याचे कारण साधे आहे. एकाच परजीवीत दोन्ही औषधांपासून वाचवणाऱ्या चुका एकाच वेळी असण्याची शक्यता फारच कमी. तरीही कंबोडियात २००८-०९ च्या सुमारास या औषधाने परजीवी हळू मरतात असे दिसले, आणि अलीकडे रवांडा व युगांडातही तसे आढळले आहे. आपल्या ईशान्य भारतात जोडीचे दुसरे औषध निष्प्रभ होऊ लागले, तेव्हा २०१३ मध्ये तेथे ते बदलावे लागले. महाराष्ट्रात आपल्या हाती असलेली औषधे आजही चांगले काम करतात. ती तशीच राहावीत, ही जबाबदारी मात्र आपली आहे.

यकृतात झोपलेला परजीवी

आता त्या आजींकडे परत येऊ. त्यांना झालेला हिवताप व्हायवॅक्स जातीचा होता आणि आपल्या भागात व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन आजही चांगले लागू पडते. मग ताप परत का आला?

व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात गेल्यावर लगेच वाढत नाहीत, ते झोपी जातात. रक्तातील परजीवी क्लोरोक्विनने मरतात, ताप उतरतो, रुग्ण जेवू लागतो, आणि यकृतातले हे झोपलेले परजीवी सुरक्षित राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि ताप पुन्हा सुरू होतो. नवा डास चावण्याची गरजही लागत नाही.

ही झोपदेखील परिस्थितीशी जुळवून घेण्याचाच प्रकार आहे. जेथे वर्षभर डास असतात, अशा उष्ण प्रदेशांतील व्हायवॅक्स तीन-चार आठवड्यांतच जागा होऊ शकतो. जेथे हिवाळा कडक असतो आणि डास उन्हाळ्यातच मिळतात, तेथील व्हायवॅक्स आठ-नऊ महिने झोपतो आणि डासांच्या मोसमात उठतो. उत्तरेकडील थंड प्रदेशांत असे वाण प्रसिद्ध आहेत. ज्यांची झोप त्या मुलखाच्या ऋतूंशी जुळली, त्यांचाच वंश टिकला. आपल्या देशात लवकर उठणारे आणि उशिरा उठणारे असे दोन्ही प्रकार आढळतात. म्हणून भाद्रपदात बरा झालेला रुग्ण कधी मार्गशीर्षात, तर कधी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आजारी पडतो.

झोपलेल्या परजीवीवर चालणारे औषध म्हणजे प्रायमाक्विन. आपल्याकडे ते सामान्यतः १४ दिवस देतात. यांतील पहिल्या तीन-चार दिवसांतच ताप गेलेला असतो. उरलेले दहा दिवस रुग्णाला काहीच होत नसते आणि गोळी मात्र घ्यायची असते. डब्यात उरलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या या दहा दिवसांच्याच होत्या. आजींच्या यकृतातील परजीवी औषधाला दाद न देणारे झाले नव्हते. त्यांच्यापर्यंत पुरेसे औषध पोहोचलेच नव्हते.

म्हणून हिवताप परत आला, तर तीन शक्यता वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. एक, झोपलेला परजीवी जागा झाला. दोन, औषध अपुरे पडले किंवा परजीवीने त्याला दाद दिली नाही, त्यामुळे रक्तातील परजीवी पूर्ण मेले नाहीत. तीन, नव्या डासाने नवा परजीवी दिला. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. "भारी औषध द्या" हे तिन्हींचे उत्तर नव्हे. आपण घेतलेल्या गोळ्यांचा खरा हिशेब डॉक्टरांना दिलात, तर निदान निम्मे सोपे होते.

चाचणीलाही चकवा

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तारापूर परिसरातील एका निवृत्त गृहस्थांना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. ताप फार नव्हता, थंडी वाजत नव्हती. आदल्या रात्रीपासून ते थोडे असंबद्ध बोलत होते आणि जेवणावरची वासना गेली होती. मी बोटातून रक्त घेऊन कार्डावरची झटपट चाचणी केली. ती नकारात्मक आली. विषाणूचा ताप समजून मी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी असा सल्ला देऊन त्यांना घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी ते गुंगीत होते. त्या वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि फाल्सिपेरम दिसला. रुग्णालयात वेळेवर उपचार मिळाल्याने ते वाचले. सूनबाईंनी मला दोष दिला नाही. पण पहिल्याच दिवशी काचपट्टी केली असती तर दोन दिवस वाचले असते, हे मी विसरलेलो नाही.

ती चाचणी का चुकली, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. रक्तात परजीवी थोडे असतील, कार्ड उन्हात राहून खराब झाले असेल. तिसरेही एक कारण असू शकते आणि ते आजच्या विषयाशी निगडित आहे. फाल्सिपेरम ओळखणारी बहुतेक कार्डे परजीवीच्या एका विशिष्ट प्रथिनावर अवलंबून असतात. हे प्रथिन तयार करणारे जनुकच ज्यांच्यात नाही, असे परजीवी २०१० मध्ये पेरूमध्ये सापडल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे आफ्रिकेतील इरिट्रियात त्यांचे प्रमाण इतके वाढलेले आढळले की तेथे चाचणीचे कार्ड बदलावे लागले. छत्तीसगडसह भारताच्या काही राज्यांतही असे परजीवी आढळले आहेत. आपल्याकडे त्यांचे प्रमाण कमी आहे, परंतु ते आहेत.

हे जनुक नाहीसे झाल्याने परजीवीचा काय लाभ? ज्याच्या अंगात हे प्रथिन आहे, तो कार्डावर पकडला जातो आणि औषधाने मरतो. ज्याच्यात नाही, त्याला घेऊन रुग्ण "मलेरिया नाही" असे ऐकून घरी जातो. त्या घरातला डास मग तोच परजीवी उचलतो. पुन्हा तीच बेणणी! म्हणून मी आता एक नियम पाळतो. चाचणी नकारात्मक आली आणि ताप राहिला, तर काचपट्टी करायचीच, आणि गरज पडल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

आपला बदलता परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. एका बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, ओढे आणि पाडे, दुसऱ्या बाजूला समुद्रकाठची गावे, आणि मधोमध बोईसर-तारापूरचे कारखाने, चाळी आणि नव्या इमारती. पावसाळा संपला, भातकापणी आटोपली की डोंगरातली आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. ओडिशा, झारखंड, बिहार, उत्तर प्रदेश येथून कामगार बोईसरला उतरतात. प्रत्येकाच्या रक्तातून त्याच्या मुलखातला परजीवीही प्रवास करू शकतो. यात त्या माणसाचा काहीच दोष नाही. कष्टकऱ्याला डासांपासून आडोसा आणि तापावर उपचार मिळत नाहीत, दोष असेल तर तो याचा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. परजीवीच्या नर-मादी रूपांचे मीलन माणसात होत नाही, ते डासाच्या पोटात होते. एकाच डासाने दोन वेगवेगळे वाण उचलले, तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन तिसरेच वाण तयार होऊ शकते. जेथे अनेक मुलखांतली माणसे एकत्र राहतात आणि डासही भरपूर असतात, तेथे ही सरमिसळ सोपी होते.

डासही कमी नाहीत. शहरी हिवतापाचा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावर साचवलेले पाणी, चाळीतले झाकण नसलेले पिंप ही त्याची घरे. आपल्या उपखंडातला हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबुतीत आढळला आणि आता तेथील शहरांची डोकेदुखी झाला आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत असे आरोग्यसेवक सांगतात.

माणसाचे रक्तही बदलले

या दीर्घ झगड्यात माणसाचे रक्तही बदलले आहे. सिकलसेलचे एकच जनुक ज्याच्याकडे असते, त्याला गंभीर फाल्सिपेरमपासून बरेच संरक्षण मिळते. दोन्ही जनुके असली, तर मात्र तो स्वतःच एक वेदनादायी आजार ठरतो. हिवतापाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले, ते या संरक्षणामुळे. महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत ते आढळते.

तसाच दुसरा बदल म्हणजे जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता. एरवी अशा व्यक्तीला त्रास होत नाही, पण प्रायमाक्विन घेतल्यावर तिच्या लाल पेशी फुटू शकतात. लघवी गडद, काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात, दम लागतो. म्हणून शक्य तेथे आधी रक्ताची ही तपासणी करावी. गोळी घेताना अशी लक्षणे दिसली, तर ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. गोळी पूर्ण करण्याचा माझा आग्रह या एका अपवादासह आहे, हे कृपया ध्यानात ठेवा. गर्भवती स्त्रिया आणि एक वर्षाखालील बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत.

घरात काय करावे

१. वृद्धांमध्ये हिवताप नेहमी थंडी वाजूनच येतो असे नाही. अचानक आलेला अशक्तपणा, असंबद्ध बोलणे, तोल जाऊन पडणे, जेवण तुटणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही तापासोबत दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

२. औषध घेण्यापूर्वी रक्त द्या. कोणत्याही तापावर दुकानातून हिवतापाची गोळी आणून देऊ नका. आधी गोळी, मग तपासणी असे केले तर काचपट्टीवर परजीवी दिसणे अवघड होते आणि अर्धवट मात्रेने चिवट परजीवीच तेवढे उरतात.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. अहवालात व्हायवॅक्स आहे की फाल्सिपेरम, हे विचारून लिहून ठेवा. ताप परत आल्यास ही नोंद फार उपयोगी पडते.

४. मात्रा वजनानुसार ठरते. शेजाऱ्यांची, नातवाची किंवा गेल्या वर्षीची उरलेली गोळी देऊ नका. हृदयाची, मधुमेहाची औषधे चालू असतील, तर त्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा. हिवतापाच्या काही औषधांनी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात किंवा साखर उतरू शकते.

५. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन हे औषध दूध किंवा स्निग्ध पदार्थासोबत घेतले तरच नीट शोषले जाते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तर डॉक्टरांना कळवा.

६. फाल्सिपेरमच्या रुग्णाला दिली जाणारी प्रायमाक्विनची एकच मात्रा त्याच्या स्वतःच्या तापासाठी नसते. डासाकडे जाणारी परजीवीची रूपे ती मारते. ती घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या घराचे रक्षण करणे होय.

७. उपचारानंतर ताप तिसऱ्या दिवशीही राहिला, किंवा महिन्याभरात परत आला, तर पुन्हा काचपट्टी करा. गुंगी, झटके, धाप, कावीळ, लघवी बंद होणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

८. वृद्ध व्यक्ती दुपारी झोपत असली तरी मच्छरदाणी रात्रीची चुकवू नका, कारण हिवतापाचा डास मुख्यत्वे रात्री चावतो. आठवड्याचा कोरडा दिवस घरातील एका माणसाने अंगावर घ्यावा.

त्या आजींची जी-६-पीडीची तपासणी केली, ती ठीक आली. मग चौदा दिवसांचे औषध नव्याने सुरू केले. गोळी देण्याची जबाबदारी मी मुलाकडे न देता आजींच्या नातीकडे दिली, कारण मुलाच्या पाळ्या बदलत होत्या. नातीने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्रीच्या जेवणानंतर एक फुली मारायची, असे ठरले. पंधराव्या दिवशी दोघी ते पान काढून मला दाखवायला घेऊन आल्या. चौदा फुल्या होत्या. त्यानंतरचे दोन पावसाळे आजींना हिवताप झाला नाही.

परजीवीचे बदलणे आपण थांबवू शकत नाही. त्याला कोणती संधी द्यायची, एवढे मात्र आपल्या हाती आहे. आज हा अंक खाली ठेवल्यावर घरातला औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. त्यात अर्धवट राहिलेली एखादी पट्टी असेल, तर ती घेऊन उद्याच आपल्या डॉक्टरांना भेटा.